होळी ते रंगपंचमी: एका आठवड्यात सात आमंत्रणं, कुठे जाऊ आणि काय सोडू?

चांदवडची_पोर
नमस्कार मंडळी. मी एसवायला आहे, नाशिकला कॉलेजरोडजवळच्या हॉस्टेलवर राहते. फाटक साडेआठला बंद होतं. रात्री बाहेर राहायचं असेल तर घरून फोन आणि चिठ्ठी दोन्ही लागतं.

यंदाचा माझा आठवडा असा आहे. सोमवारी होळी, इंदिरानगरला काकांकडे पुरणपोळीला बोलावलंय. मंगळवारी धुळवड, पंचवटीतल्या मैत्रिणीच्या घरच्या वीरांची मिरवणूक निघते, तिच्या आईने दोनदा फोन केलाय. बुधवारी जेलरोडच्या मैत्रिणीचा वाढदिवस, संध्याकाळी. गुरुवार-शुक्रवार एकांकिकेची तालीम, पाच ते आठ. शुक्रवारीच प्रॅक्टिकलचं जर्नल तपासायला द्यायचंय आणि त्याच दिवशी बारावीची मैत्रीण पुण्याहून येतेय. तिला गंगापूर धरण बघायचंय. शनिवारी रंगपंचमी. रविवारी सकाळी अकराला सिन्नरला आतेबहिणीचा साखरपुडा.

हातात महिनाअखेरपर्यंत दीड हजार रुपये आहेत. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. गेल्या वर्षी मी सगळ्यांना हो म्हटलं आणि सगळीकडे अर्धा-अर्धा तास गेले. पंचवटीला वीर घरातून निघायच्या आधीच मी रिक्षा शोधत होते. मैत्रीण काही बोलली नाही, पण त्यानंतर दोन महिने तिने मला घरी बोलावलं नाही. यंदा बोलावलंय. मला ते पुन्हा करायचं नाही.

शिवाय रूममेट नांदेडची आहे, पहिलंच वर्ष. तिला कुणाचंच आमंत्रण नाही. रहाड, म्हणजे रंगपंचमीला उघडतात तो रंगाचा हौद, काय असते हे मी सांगितलं तर तिला खरंच वाटेना. तिला एक तरी दिवस सोबत न्यायचंय. सांगा, कसं बसवू?

तांबट_लेन
ताई, रूममेटला शनिवारी रहाडीलाच ने. बाकीचं काहीही पुढेमागे करता येईल, ही वर्षातून एकदाच उघडते.

मी जुन्या नाशकातला, लहानपण तिवंधा चौकाच्या बोळात गेलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तुझ्या रूममेटला खरं वाटत नाही यात तिची चूक नाही, कारण एरवी तिथे दिसण्यासारखं काही नसतंच. पेशवेकाळातले खोल दगडी हौद आहेत ते. वर्षभर लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने बुजवलेले असतात, वरून गाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी काही दिवस माती काढतात, हौद धुऊन घेतात, पाणी भरतात. फुलं आणि नैसर्गिक रंग मोठ्या कढयांत उकळून त्यात ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, कुठे पिवळा, कुठे केशरी, कुठे गुलाबी. अंगावरचा रंग बघून जुना माणूस सांगतो की हा कुठल्या रहाडीत भिजून आला. पूजेचा मानही ठरलेल्या घराण्यांचा. पूजा झाली की पोरं वरून थेट आत उडी घेतात, त्याला धप्पा म्हणतात. धप्पा बसला की पाणी भिंतीएवढं उसळतं आणि कडेला उभा असलेला प्रत्येक माणूस रंगतो.

आता तुमच्यासाठी. पोहता येत नसेल तर आत उतरायचं मनातही आणू नका, हौद खोल आहे आणि वरून सतत उड्या पडत असतात. गर्दी दाट असते. दोघींनी ओळखीच्या घराच्या गच्चीवरून किंवा ओट्यावरून बघा. ओळखीचं कुणी नसेल तर मोठ्या माणसांसोबत या आणि चौकाच्या तोंडाशीच थांबा. रिक्षा आत येणार नाही, शालिमारला उतरून चालत या. केसांना, हातापायांना भरपूर खोबरेल लावा. लेन्स नको, चष्मा घाला. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, नाहीतर हॉस्टेलवरच. जे कपडे घालाल ते परत वापरायचे नाहीत असं धरूनच निघा.

आणि दुपारनंतर या. सकाळी येऊन उन्हात ताटकळण्यात अर्थ नाही, खरी मजा पूजेनंतर.

जेलरोडकर
रविवारचा सिन्नरचा प्रश्न आणि बुधवारचा वाढदिवसाचा प्रश्न एकत्र सुटतो बघ.

कॉलेजरोडहून जेलरोडला संध्याकाळी यायला द्वारका चौकाच्या गर्दीत तास कुठे जातो कळत नाही. बुधवारी साडेआठच्या आत परत पोचायचं म्हणजे केक कापायच्या आधी उठायचं. तेच गेल्या वर्षीसारखं होईल. मैत्रिणीला आजच फोन करून सांग की बुधवारी येत नाही, शनिवारी रात्री मुक्कामालाच येते. हॉस्टेलच्या चिठ्ठीवर तिच्या आईचा नंबर दे. शनिवारी रहाड बघून, हॉस्टेलवर आंघोळ करून, सिटीलिंकच्या बसने नाशिकरोडला तिच्याकडे ये. रात्रभर गप्पा होतील. रविवारी सकाळी सिन्नरची गाडी पुणे रोडनेच जाते, तिच्या घरापासून स्टँड जवळ. कॉलेजरोडहून निघाली असतीस तर पहाटे उठावं लागलं असतं.

वाढदिवस तीन दिवस उशिरा झाला म्हणून कुणी रागावत नाही. अर्ध्यातून उठून गेलं की राग येतो.

चांदवडची_पोर
जेलरोडकर, हे मला सुचलंच नव्हतं! आत्ताच फोन केला. ती म्हणाली, "मग तर साडी पण इथूनच नेस, आई नेसवेल." साखरपुड्याची साडी कोण नेसवणार हा वेगळाच घोर होता मला.

तिसरी_घंटा
तालमीबद्दल बोलतो, कारण ती तू यादीत मधेच टाकलीस.

मी चार वर्षं कॉलेजच्या एकांकिकेत होतो, दोनदा बॅकस्टेजला. तालमीला एक माणूस नसला की बाकीचे सगळे त्याच्या जागी रिकाम्या हवेशी बोलतात. त्या दिवसाची तालीम वाया जाते. वाढदिवस हलतो, धरण हलतं, तालीम हलत नाही. म्हणून पुण्याच्या मैत्रिणीला शुक्रवारी येऊच देऊ नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीने येऊ दे. धरण बाराही महिने आहे. तीसुद्धा तुमच्यासोबत रहाड बघेल, म्हणजे रूममेट आणि ती दोघी सोबत होतील आणि तुला एकाच दिवशी दोघींना वेळ देता येईल.

फारच वाटलं तर शनिवारी सकाळी तिघी मिसळ खा. गंगापूर रोडने पुढे बारदान फाट्याकडे साधना मिसळ आहे, चुलीवरची, काळ्या मसाल्याची. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते, लवकर जा.

जर्नल बुधवारी रात्रीच संपव. शुक्रवारी सकाळी आकृत्या काढत बसलीस तर संध्याकाळी पाठांतर आठवणार नाही. हे मी अनुभवाने सांगतोय, मला चालू तालमीत संवाद आठवेना आणि माझी भूमिका दुसऱ्याला दिली गेली.

गोदाकाठ
मंगळवारचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी पंचवटीतच राहते, आमच्याही घरी वीर आहेत.

बाहेरगावच्यांना वाटतं की ही नुसती मिरवणूक आहे. घरातल्यांसाठी तसं नसतं. देवघरातले वीरांचे टाक त्या दिवशी बाहेर निघतात, वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, नेऊन त्यांना स्नान घालतात. घरातली लहान मुलं वेगवेगळ्या देवांची, वीरांची सोंगं घेतात, त्यांना सजवण्यात आख्खी दुपार जाते. तुला बोलावलंय ते बघायला नाही, त्या दुपारसाठी बोलावलंय. म्हणून पाच वाजता जाऊ नकोस, एकलाच जा. मुलांना नटवायला हात लाव, नैवेद्याची पानं वाढ. मग सातला निघालीस तरी मावशींना वाटणार नाही की पोरगी तोंड दाखवून गेली.

निघताना पंचवटीतून रिक्षा मिळणार नाही. पूल ओलांडून रविवार कारंजापर्यंत चालत ये. तिकडून दाजीबा वीरांची मिरवणूक येताना दिसली तर पाच मिनिटं थांबून दर्शन घे. जुन्या नाशकातून निघतात, बाशिंग बांधलेले, घरोघरी औक्षण करून घेत येतात. पण साडेआठ विसरू नकोस.

आणि रूममेटला मंगळवारीही नेता येईल. मैत्रिणीच्या आईला आधी विचार. आमच्याकडे तरी त्या दिवशी एक ताट जास्त झालं म्हणून कुणी मोजत नाही.

इंदिरानगर_फ्लॅट_सहा
काकांच्या घरच्या होळीला नाही म्हणू नकोस गं. मी काकूच्या वयाची आहे म्हणून सांगते. लवकर जा, पुरण वाटायला मदत कर, जेवून सातला निघ. रूममेटसाठी चार पोळ्या डब्यात घेऊन ये. तुझ्या काकूला त्याचा आनंदच होईल.

चांदवडची_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरलं ते लिहिते.

सोमवार काकांकडे, पोळ्यांचा डबा घेऊन परत. मंगळवारी एकला पंचवटी, रूममेटसह. मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात, तिला म्हणावं उपाशी ये." बुधवारी कॉलेज सुटल्यावर एक तास गंगेवरच्या बाजारात, दोघींना रहाडीसाठी स्वस्तातले पांढरे कुर्ते बघायला, आणि रात्री जर्नल. गुरुवार-शुक्रवार तालीम. पुण्याची मैत्रीण शनिवारी येतेय, तीही रहाडीला. रात्री जेलरोड, रविवारी सिन्नर.

तांबट_लेन दादा, एकच अडचण राहिली. आम्ही तिघी असू आणि जुन्या नाशकात माझ्या ओळखीचं एकही घर नाही.

तांबट_लेन
आमची आई अजून तिथेच राहते, गच्ची चौकावरच आहे. दर वर्षी बायका-मुली तिथूनच बघतात. तुझ्या काकांना किंवा जेलरोडच्या मैत्रिणीच्या आईला सोबत आण, म्हणजे तुमच्या घरच्यांनाही काळजी नाही. पत्ता खाजगी निरोपात पाठवतो. येताना खोबरेलची बाटली आणा, दर वर्षी आमच्याकडची दुपारीच संपते.