विंडोज १० चा सपोर्ट संपला, मशीन जुनं आहे; घरच्या पीसीवर आता काय टाकावं?

खटपट्या:
डेस्कटॉप २०१४ चा आहे. कोअर आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम (एकच पट्टी), ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० होम, २२एच२. वापरणार आईबाबा: नेट बँकिंग, वीजबिल, यूट्यूब, ईमेल आणि सोसायटीची मराठी पत्रं. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००बी. सुरू झाल्यावर दहा मिनिटं डिस्क १०० टक्के दाखवते. दुकानदार म्हणतो, तीन वर्षांचा अँटिव्हायरस घ्या आणि विंडोज ११ टाकून देतो. घ्यावा का? की सरळ लिनक्स? आणि ब्राउझर कुठला?

जुना_कीबोर्ड:
अँटिव्हायरसचे पैसे आधी खिशात ठेवा. या मशीनवर तो म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दहा मिनिटांचा खोळंबा व्हायरसमुळे नाही, फिरत्या डिस्कमुळे आहे. विंडोज १० चालू होताच अपडेट, इंडेक्सिंग आणि डिफेंडरचं (विंडोजच्याच अँटिव्हायरसचं) स्कॅन एकाच वेळी डिस्कवर तुटून पडतात. त्यावर आणखी एक स्कॅनर बसवलात तर दहाची पंधरा मिनिटं होतील.

खरेदी दोनच वस्तूंची:

२४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क. एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी एसएसडी) घेऊ नका, एच८१ बोर्ड सहसा त्यावरून बूट होत नाही. या चिपसेटला दोन पोर्ट ६ जीबीपीएसचे आणि दोन ३ जीबीपीएसचे असतात, केबल ६ वाल्यात खोचा. कुठला कुठला ते बोर्डावर छापलेलं असतं.

दुसरी वस्तू ४ जीबीची आणखी एक डीडीआर३-१६०० पट्टी, डेस्कटॉपची. लॅपटॉपची आखूड पट्टी बसणार नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन ८ जीबीच्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्या दिसतील, पण आधी वर्णन नीट वाचा. ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेली पट्टी इंटेल बोर्डावर चालत नाही. त्यातल्या चिपची रचनाच वेगळी असते, मशीन काळी स्क्रीन दाखवत बसतं आणि माणूस बोर्ड गेला असं समजतो.

जुन्या डिस्कचं क्लोन (हुबेहूब प्रत) करण्याच्या भानगडीत पडू नका, ५०० वरून २४० वर नेताना आधी पार्टिशन आक्रसावं लागतं. नव्याने इन्स्टॉल करा. लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं. की विचारली की ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ म्हणायचं आणि आवृत्ती होमच निवडायची. नेट जोडल्यावर ते आपोआप सुरू होतं. एक काळजी मात्र घ्या: इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज एसएसडीवर जातं आणि बूटलोडर (विंडोज सुरू करणारा भाग) जुन्या डिस्कवरच राहतो. पुढे कधी ती डिस्क काढली की मशीन उठतच नाही.

जुनी डिस्क नंतर फोटोंसाठी परत जोडायची असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने तपासा. ‘रीअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेले) आणि ‘पेंडिंग’ (संशयित) सेक्टर शून्य असावेत. पेंडिंगचा आकडा वाढताना दिसला तर त्याच दिवशी डेटा बाहेर काढा.

तिरपी_रेघ:
विंडोज ११ बद्दल. अधिकृतपणे होणार नाही. त्याला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा चौथ्या पिढीचा. दुकानदार रूफस या पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासणी वगळून टाकून देईल आणि ते चालेलही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट येत राहतात, वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती बहुधा आपोआप येत नाही. दर वेळी पेन ड्राइव्ह बनवून हातानेच चढवावी लागते. ते काम आईबाबा करणार नाहीत, म्हणजे तुमच्याच गळ्यात.

विंडोज १० वरच राहायचं तर ईएसयू (सपोर्ट संपल्यावरच्या वाढीव सुरक्षा अपडेटची योजना) घ्या. सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती ईएसयू १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट. उजवीकडे किंवा खाली ‘एनरोल नाऊ’ दिसेल. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात चालू केलात तर फुकट, नाहीतर १,००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर. लोकल खात्यातून नोंदणी होत नाही, इथेच बरेच जण अडकतात. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असावी लागते, ती तुमच्याकडे आहेच.

डिफेंडरच्या व्हायरस-व्याख्या विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत. मात्र व्याख्या येतात म्हणजे सिस्टिममधली भोकं बुजतात असं नाही. ते काम ईएसयूचं. विकतचा अँटिव्हायरसही ती भोकं बुजवत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

खटपट्या:
आभार दोघांचे. मग ऑक्टोबर २०२६ नंतर काय? मिंट या लिनक्सबद्दल बरंच ऐकलंय. आणि मराठी टायपिंग?

दोन_डिस्क:
लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबीवर सिनॅमन आवृत्ती छान चालते, ४ जीबीवरच राहिलात तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. पण तुमच्या बाबतीत निर्णय मिंट करणार नाही, प्रिंटर करणार आहे. एलबीपी २९००बी कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो. लिनक्सचा ड्रायव्हर जुना आहे. तो बसतो, दोन कागद छापतो आणि मग एखाद्या अपडेटनंतर रुसतो. एचपी लेझरजेट १०२० असता तर एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन टाकून भागलं असतं.

म्हणून टाकण्याआधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून बघा. बूट मेनूची की गिगाबाइटवर एफ१२, असुसवर एफ८, एमएसआयवर एफ११. लाइव्हमध्ये बँकेची साइट, आवाज आणि वायफाय डोंगल तपासा. प्रिंटरचा निकाल मात्र तिथे लागणार नाही. ड्रायव्हर टाकून, रीस्टार्ट करून छापतोय का ते पाहावं लागतं.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंग्जच्या लेआउटमध्ये ‘मराठी (एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट)’ घाला. उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय असेल तर शेजारीच ‘मराठी (कगप, फोनेटिक)’ आहे, पण त्याची मांडणी गुगल इनपुटसारखी नाही. चार दिवस चिडचिड होईल. विंडोज १० वर मराठी भाषेच्या ऑप्शन्समध्ये ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड मिळतो, तो जास्त सवयीचा वाटेल.

खरी मेख जुन्या पत्रांत असू शकते. ती युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत) आहेत की श्रीलिपी, कृतिदेव वगैरे फॉन्टमध्ये? फॉन्ट बदलल्यावर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा काला दिसला तर ती युनिकोड नाहीत. फॉन्टची फाइल लिनक्सवर नेली तर वाचता येतात, पण त्याच पद्धतीने नवीन टाइप करायला लागणारं सॉफ्टवेअर विंडोजचंच असतं. टॅलीचंही तेच, लिनक्सची आवृत्ती नाही.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. आणि घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे झालं तर घाबरू नका. विंडोज बोर्डावर भारतीय वेळ लिहितं, लिनक्स ग्रीनिच वेळ समजून वाचतं.

जुना_कीबोर्ड:
दोन_डिस्कशी सहमत. २९००बी असेपर्यंत विंडोज १० आणि ईएसयू. दरम्यान पत्रं युनिकोडमध्ये आणून ठेवा.

ब्राउझरचं राहिलंच. फायरफॉक्स टाका आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची फक्त लाइट आवृत्ती मिळते. एखाद्या साइटने हट्टच धरला तर एज आहेच. जुन्या सरकारी पानाला इंटरनेट एक्सप्लोरर हवा असेल तर एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’खाली आयई मोडची परवानगी द्या. तिथे घातलेला पत्ता ३० दिवसांनी गळतो, तेव्हा परत घालायचा.

तिरपी_रेघ:
एक भर. कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ असं लाल चौकटीत येतं ना, तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कुठल्या तरी साइटला ‘अलाऊ’ दाबलेलं असतं आणि ती नोटिफिकेशन पाठवत राहते. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, परमिशन्स, नोटिफिकेशन्सचं ‘सेटिंग्ज’ बटण: सगळ्या साइट काढा आणि खालच्या ‘नवीन विनंत्या अडवा’ वर टिक करा. चौकटीतल्या नंबरवर फोन अजिबात करायचा नाही, हे बाबांना सांगून ठेवा. दूरून स्क्रीन बघणारं कुठलंही ॲप कुणाच्या सांगण्यावरून टाकायचं नाही, हेही.

आणि रोजच्या वापराचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा आणि तुमच्याकडे. डिफेंडरमध्ये टॅम्पर प्रोटेक्शन (त्याच्या सेटिंग्ज कुणी बदलू नयेत म्हणूनचं संरक्षण) चालू आहे ना बघा. ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप’ अडवणंही चालू करा, ते कधीकधी बंद असतं.

खटपट्या:
पत्रं उघडून बघितली, श्रीलिपीतलीच आहेत. एसएसडी आणि रॅम मागवतो, अँटिव्हायरस रद्द. श्रीलिपी ते युनिकोड रूपांतर करताना काय बिघडतं?

दोन_डिस्क:
रफार, पोटफोड्या ष, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ऱ्हस्व वेलांटी. या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे जोडाक्षरावर ती भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. आधी एकच पान रूपांतरित करा, ‘स्थिती’, ‘कार्यकारिणी’, ‘निर्णय’ हे शब्द शोधून बघा, आणि मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका. तक्त्यांतले आकडेही तपासा. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आकडे रूपांतरात कधीकधी अक्षरं होऊन बसतात आणि देखभाल खर्चाच्या यादीत ते पटकन लक्षात येत नाही.