मदत हवी आहे: नाचासाठी ‘टेक द ए ट्रेन’चं कोणतं ध्वनिमुद्रण?

लिंडी हॉप या स्विंग नाचाच्या नवशिक्यांसाठी जॅझ वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनचं ‘टेक द ए ट्रेन’ हवं आहे. १९४१चं मूळ मुद्रण सुरेखच, तीन मिनिटांच्या आत संपतं. पण गती मिनिटाला सुमारे १६० ठोके, ट्रिपल स्टेप (दोन ठोक्यांत तीन पावलं) घाईत तुटते. शिवाय शेवटच्या आवर्तनाआधी चार बार (प्रत्येकी चार ठोक्यांचे) जास्तीचे येतात, म्हणजे नाचाचे आठ-आठ ठोक्यांचे दोन गट वाढतात आणि दर आवर्तनाला ३२ बारांच्या हिशेबाने बसवलेला नाच घसरतो. १९५२चं गायिका बेटी रोशेवालं आठ मिनिटांचं, मधेच संथ होतं. १९४१चंच सूर न बदलता १० टक्के हळू केलं, तर झांजांचा आवाज फाटतो.

१३५-१४५ ठोक्यांचं, एकसारख्या लयीचं, चार मिनिटांच्या आतलं मुद्रण कुणाचं? गायन चालेल, पण बास-ड्रम ठळक हवेत.