टाटुरा सहल : माहितीपत्रकातील 'अनाथ' या शब्दाविषयी

सहल समितीकडून सर्व सभासदांस,

स. न. वि. वि.

वसंत सहलीत ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील टाटुरा येथील युद्धकालीन छावण्यांचे संग्रहालय पाहून येताना डरिंगाइलचा जुना वाडा बाहेरूनच पाहण्याचे ठरले आहे. पत्रकाचा मसुदा असा : "जेम्स विंटर या जमीनदाराने 1870च्या दशकात बांधलेल्या या वाड्यात दुसऱ्या महायुद्धात जर्मन अधिकारी कैदेत होते. जानेवारी 1945मध्ये 'कोर्मोरान' या जर्मन जहाजाचे कप्तान डेटमर्स आणि त्यांचे साथीदार भुयार खणून पळाले, पण पुन्हा पकडले गेले. पुढे हा वाडा ब्रिटनमधील अनाथ मुलांचा तात्पुरता निवारा झाला." सूचना कळवाव्यात.

---

उत्तर : सभासद, शेपर्टन

कार्यवाह महोदय, सप्रेम नमस्कार.

भुयाराची हकीकत रंजक आहे, म्हणूनच ती मुलांच्या वाट्याची जागाही खाऊन बसली आहे. त्यांना मिळालेल्या एकाच वाक्यात 'अनाथ' आणि 'तात्पुरता' हे दोन्ही शब्द चुकले आहेत. प्रेस्बिटेरियन चर्चने 1950च्या दशकात येथे शेतीकाम शिकवण्यासाठी जे मुलगे आणले, ते मुख्यतः स्कॉटलंडमधील बालगृहांतले होते. ब्रिटनमधील मुले पाठवण्याच्या अशा योजनांतून विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात आलेल्या सुमारे 7,000 मुलांपैकी बहुतेकांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात होते. गरिबीमुळे किंवा लग्नाबाहेर झालेले मूल म्हणून, दिवस बरे आले की घरी नेऊ या भरवशावर, अनेक आयांनी मुलाला बालगृहात ठेवले होते. तात्पुरते काही असलेच तर ते तिथले राहणे होते. मूल समुद्रापार गेल्याचे कित्येकींना कळलेही नाही आणि इकडे अनेक मुलांना आईवडील वारल्याचे सांगण्यात आले. ऑस्ट्रेलियाच्या 1946च्या कायद्याने या मुलांचे पालकत्व थेट स्थलांतरमंत्र्यांकडे गेले होते, तेव्हा त्यांनी दाद मागायची तरी कुणाकडे?

मार्गारेट हम्फ्रीज या नॉटिंगहॅमच्या समाजसेविकेने 1987मध्ये चाइल्ड मायग्रंट्स ट्रस्ट स्थापून या कुटुंबांचा शोध घेतला, तोवर कित्येक आया खरोखरच वारल्या होत्या. ऑस्ट्रेलियाने 16 नोव्हेंबर 2009 रोजी आणि ब्रिटनने 24 फेब्रुवारी 2010 रोजी माफी मागितली. आपल्या भाषेत ज्याला पोरके करणे म्हणतात, तेच येथे सरकार आणि धर्मादाय संस्थांनी मिळून केले. 'अनाथ' म्हटल्याने करणारा दिसेनासा होतो.

---

सहल समिती :

ताई, चूक मान्य आहे. भुयाराला एक ओळ ठेवून पुढील मजकूर असा करत आहोत : "युद्धानंतर, आईवडील असूनही अनाथ ठरवून पाठवलेले मुलगे येथे राहिले, 1965पासून वाड्यात तुरुंग होता." बसमध्ये याविषयी दहा मिनिटे आपणच बोलावे, अशी विनंती आहे. लहान मुले सोबत असतील, एवढेच ध्यानात असू द्यावे.