कारशिवाय डिंबूला: सुरुवातीचे काही महिने निघतील का?

ॲक्टिव्हावाली:

नमस्कार मंडळी. मी नर्स आहे, मूळची सांगलीची, सध्या पुण्यात. ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा (ग्रामीण भागात राहून काम करायचा, तात्पुरता) हातात आलाय आणि व्हिक्टोरिया राज्यात डिंबूला नावाच्या गावी एज्ड केअरमध्ये (वृद्धांच्या निवासी केंद्रात) नोकरी पक्की झालीय. आधी मी आणि मुलगी (दुसरीत आहे) जाणार. नवरा इथलं आवरून चार-पाच महिन्यांनी येईल.

डिंबूलात भाड्याचं घर मिळत नाहीये. ओळखीतून हॉर्शमला एक युनिट मिळतंय, चांगलं आहे. अंतर ३५-३६ किलोमीटर, नकाशावर रस्ता अगदी सरळ. दोन्ही गावांमध्ये कोच (लांब पल्ल्याची बस) जाते असंही वेबसाइटवर दिसतंय. मग हॉर्शमला राहून रोज कोचने ये-जा केली तर? सकाळची शिफ्ट ७ ला सुरू होते, दुपारी साडेतीनला सुटते. पुण्यात रोज स्वारगेट ते हडपसर करते, त्यामुळे प्रवासाचं मला काही वाटत नाही.

कारचं लायसन्स आहे, पण ते ड्रायव्हिंग स्कूलवाल्या काकांच्या कृपेने. आयुष्य ॲक्टिव्हावर गेलंय. नवरा येईपर्यंत कार टाळता येईल का? तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी सांगावं.

बार्शी_ते_निल:

ताई, अभिनंदन. मी तुमच्या पुढच्याच मोठ्या गावात राहतो, निलला. कापणीच्या हार्वेस्टरचा मेकॅनिक आहे, त्यामुळे या भागातले सगळे रस्ते आणि अर्धे शेतकरी ओळखीचे.

आधी सरळ सांगतो: हॉर्शमच्या घराला अजून होकार देऊ नका.

कोच आहे हे खरं. पण टाइमटेबल उघडलंत की वेळ नंतर बघा, आधी दिशा बघा. व्हीलाइनची (म्हणजे राज्यभरच्या ट्रेन-कोच चालवणाऱ्या कंपनीची) ही कोच शेजारच्या गावी कामाला जाणाऱ्यांसाठी नाहीच. ती आहे अरारॅट किंवा बॅलारॅटला मेलबर्नची ट्रेन गाठून द्यायला. म्हणजे सकाळी ती निल, डिंबूला, हॉर्शम अशी पूर्वेला, शहराकडे जाते आणि शहराकडून आलेल्या ट्रेनची माणसं घेऊन परत पश्चिमेला येते. तुम्हाला नेमकं उलटं हवंय. भल्या पहाटे हॉर्शमहून पश्चिमेला आणि दुपारी पूर्वेला. आपल्याकडची मुक्कामी एसटी आठवा. सकाळी गावातून तालुक्याला नेते, संध्याकाळी परत आणते. तालुक्यात राहून खेड्यातल्या शाळेवर जाणाऱ्या मास्तरांना तिचा काही उपयोग नसतो. तुम्ही त्या मास्तरांच्या जागी आहात.

आणि फेऱ्या हातावर मोजण्याइतक्या. त्यातून ट्रेनला उशीर झाला की कोच तिच्यासाठी थांबते, आणि रुळांचं काम निघालं की ट्रेनच्या जागी बस सोडतात आणि पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. मेलबर्नला जाणाऱ्याला अर्धा तास इकडेतिकडे चालतो. सातच्या हँडओव्हरला चालत नाही.

कुणी म्हणेल, गावात स्टेशन तर आहे. आहे ना. मेलबर्नची व्हीलाइन ट्रेन एकेकाळी डिंबूलापर्यंत यायची. नव्वदच्या दशकात ती बंद झाली, आणि १९९५ मध्ये मेलबर्न-ॲडलेड मार्गाचे रूळ ब्रॉडगेजचे स्टँडर्ड गेज झाले. अरारॅटला २००४ मध्ये ट्रेन परत आली, पण ती तिथेच थांबते. आमच्याकडून आता मालगाड्या जातात आणि आठवड्यातून दोनदा ओव्हरलँड नावाची मेलबर्न-ॲडलेड प्रवासी गाडी: सोमवार-शुक्रवार ॲडलेडकडे, गुरुवार-रविवार मेलबर्नकडे. ती हौसेने फिरणाऱ्यांची गाडी. तिच्यावर रोजची कामं लावता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र भारी झाली. ३१ मार्च २०२३ पासून व्हीलाइनच्या भाड्याला मेलबर्न शहराइतकीच दिवसाची कमाल मर्यादा लागली. तेव्हा ती ९.२० डॉलर होती, आता अकराच्या आसपास आहे. निलहून मेलबर्न पावणेचारशे किलोमीटर. एवढ्या पैशात इतकं लांब आणखी कुठे जाता येतं मला माहीत नाही. कोचला मायकी कार्ड (शहरातलं प्रवासाचं रिचार्ज कार्ड) चालत नाही, कागदी तिकीट काढायचं आणि जागा आधी धरून ठेवायची. शाळांच्या सुट्ट्यांत गाडी भरते.

तेव्हा स्वस्त आहे, बसायला चांगली आहे, पण मेलबर्नसाठी. नोकरीसाठी नाही. हे डोक्यात घेतलंत की बाकीचे निर्णय सोपे होतील.

माझं मत: घर डिंबूलातच, कामावर चालत जाता येईल असं. गाव एवढंसं आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल पुरते. रेंटल वेबसाइटवर घरं दिसत नाहीत कारण इथे ती तिथपर्यंत पोचतच नाहीत, तोंडी जातात. तुमच्या मॅनेजरला ईमेल करा की माझ्याकडे कार नाही, स्टाफपैकी कुणाकडे युनिट किंवा खोली आहे का. संकोच करू नका. नर्स मिळायची मारामार आहे इथे, ते धडपड करतील.

खारं_सरोवर:

मी मिल्ड्यूराला फार्मसीत आहे. वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत नाही. "कार नसेल तर मेलात" असं इथे सगळे नवीन माणसाला घाबरवतात. मी बराच काळ कारशिवाय राहिलोय. सायकल, गावातली लोकल बस आणि पाय. आमची मेलबर्नची ट्रेन १९९३ ला बंद झाली, तेव्हापासून कोचच, आणि साडेपाचशे किलोमीटर कोचमध्ये बसून लोक जातातच की. तूरडाळ आणि गोडा मसाला मेलबर्नहून पार्सलने मागवतो.

सायकल घेतलीत तर हेल्मेट लगेच घ्या. व्हिक्टोरियात १९९० पासून सक्तीचं आहे आणि दंड खरोखर होतो. आणि हो, घडीची नसेल तर सायकल कोचमध्ये घेत नाहीत.

बार्शी_ते_निल:

अहो, मिल्ड्यूरा शहर आहे! तिथे गावात फिरणाऱ्या बस आहेत, मोठी सुपरमार्केटं आहेत, हॉस्पिटल आहे. डिंबूलाची लोकसंख्या दोन हजारही नाही. गावातल्या गावात कारशिवाय राहता येतं हे मीही म्हणतोय. पण दाताचा डॉक्टर, मुलीचे बूट, महिन्याची भरणी, सगळं हॉर्शमला. तिथे सकाळच्या कोचने जाऊन परतीची गाठायची म्हणजे पूर्ण दिवस घालवायचा. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी करा, हरकत नाही. मूल तापलेलं असताना कसं करणार?

चांदीची_खाण:

ॲक्टिव्हावाली, मी ब्रोकन हिलहून, म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या पार दुसऱ्या टोकाहून लिहितेय. आमच्याकडे सिडनीची थेट ट्रेन आठवड्यातून एकदा. सोमवारी येते, मंगळवारी सकाळी जाते. त्यात गंमत म्हणजे आमच्या गावाचं घड्याळ ॲडलेडचं, सिडनीच्या अर्धा तास मागे. तिकिटावरची वेळ कुठली ते प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगावं लागतं. तुमचा पत्ता त्या मानाने सुखाचा आहे गं.

मला लायसन्सबद्दल बोलायचंय, कारण खरा प्रश्न तोच आहे. भारतीय लायसन्स इथे थेट बदलून मिळत नाही. लेखी, हॅझर्ड परसेप्शन (रस्त्यावरचा धोका वेळीच ओळखण्याची) आणि प्रत्यक्ष चालवण्याची, अशा परीक्षा द्याव्या लागतात. व्हिक्टोरियात तात्पुरत्या व्हिसावर परदेशी लायसन्स सहा महिने चालतं, आणि ते महिने तू देशात पहिल्यांदा उतरलीस तेव्हापासून मोजतात, कार घेतल्यापासून नाही. म्हणजे "नवरा आल्यावर बघू" म्हणालीस तर तो येईपर्यंत मुदत संपत आलेली असेल. आमच्या राज्यात तर चालवण्याच्या परीक्षेत नापास झालं की परदेशी लायसन्सवर चालवायची मुभा तिथेच संपते. तुमच्याकडचा नियम परीक्षेची तारीख घेण्याआधी नीट विचारून घे.

पुण्यात आत्ताच रोज तासभर कार चालवायला लाग. काका नव्हे, दुसरा कुणी शिकवणारा बघ, जो आरशात बघायला आणि मान वळवून ब्लाइंड स्पॉट बघायला लावेल. इथे परीक्षेत लोक त्यावरच आपटतात. गिअर, क्लच सगळं येत असतं, मान वळत नाही.

आणि दवाखान्याचं. स्पेशालिस्टसाठी लांब जावं लागलं तर प्रवासाचे पैसे राज्य सरकार काही प्रमाणात परत देतं. आमच्याकडे आयपीटास म्हणतात, तुमच्याकडे व्हीपीटास. एका बाजूचं अंतर १०० किलोमीटरच्या वर लागतं. हॉर्शम त्यात बसणार नाही, बॅलारॅट किंवा मेलबर्न बसेल. तिकिटं फेकू नकोस, आणि फॉर्मवर दवाखान्याची सही तिथे असतानाच घे. मागाहून मिळवायची म्हणजे फोनवर फोन. एका दवाखान्याने मला असंच महिनाभर टोलवलं होतं.

ॲक्टिव्हावाली:

बापरे, दिशेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आत्ता टाइमटेबल परत उघडून बसले आणि खरंच तसंच आहे. मॅनेजरना ईमेल टाकलाय.

दोन प्रश्न. एक, मुलीच्या शाळेचं काय? दुसरा, समजा घर मिळालंच नाही आणि हॉर्शमलाच राहावं लागलं, तर कुणा सहकाऱ्याबरोबर जाता येईल का? त्यांना विचारणं बरं दिसेल का?

बार्शी_ते_निल:

शाळेची काळजी नको. डिंबूलात राहिलात तर चालत जाईल. गावाबाहेर शेतावर घर मिळालं तर स्कूल बस आहे. व्हिक्टोरियात सगळ्यात जवळची शाळा ४.८ किलोमीटर किंवा त्याहून लांब असेल तर त्या शाळेची बस मुलांना फुकट असते. अर्ज शाळेमार्फतच. पण बस घराच्या दारात येईलच असं नाही, थांब्यापर्यंत मुलाला तुम्हीच सोडायचं.

सहकाऱ्याबरोबर जाणं इथे अगदी नेहमीचं आहे. पेट्रोलचे पैसे ठरवून घ्या आणि दर आठवड्याला न मागता द्या. अडचण वेगळीच आहे. रोस्टर. तुमची सकाळची शिफ्ट आणि तिची दुपारची, असं झालं की संपलं. रोस्टर लावणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा की आम्ही दोघी एका गाडीने येतो.

आता कार घेतलीत असं धरून एक सांगतो, कारण हे पुण्यात कुणी सांगणार नाही. जूनमध्ये इथे सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. म्हणजे सातच्या शिफ्टला तुम्ही हॉर्शमहून निघणार मिट्ट काळोखात. दुपारच्या शिफ्टहून परतणार तेही काळोखात. ती कांगारूंची वेळ. हायवेवर शंभराच्या वर वेग, समोरून धान्याचे लांबलचक ट्रक, आणि रस्त्याकडेच्या गवतात एक करडं काहीतरी उभं असतं. दिव्यात डोळे चमकतात, तुम्ही ब्रेक लावता, तो बघत राहतो आणि तुम्ही अगदी जवळ गेल्यावर उडी मारतो, बरेचदा गाडीच्याच दिशेने. त्याच्यामागून दुसरा येतो. सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग वळवायचं नाही. कांगारू चुकवायला गेलेल्या गाड्या झाडावर जातात, मग त्या ओढून आमच्याच वर्कशॉपच्या आवारात आणून ठेवतात. म्हणून हॉर्शम नको म्हणतोय. नवशिक्याने रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर, त्यातली एक खेप अंधारात, करायचे नसतात, कोच असो वा नसो.

जुनी कार घेताना रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं) मागा, आणि पीपीएसआरवर (कर्जांच्या सरकारी नोंदीच्या वेबसाइटवर) गाडीचा नंबर टाकून तिच्यावर कर्ज आहे का बघा, दोन डॉलर लागतात. टोयोटा घ्या. नवी-जुनी कशीही, पण टोयोटा. या भागात तिचे पार्ट कुणाच्याही शेडमध्ये सापडतात.

खारं_सरोवर:

फोनचं राहिलं. गावं सोडली की मध्ये रेंज जाते. टेलस्ट्राचं नेटवर्क खेड्यांत सर्वांत लांबवर पोचतं, महाग पडतं तरी तेच घ्या. भारतातून जुना फोन आणणार असाल तर ऑस्ट्रेलियात ३जी २०२४ मध्ये बंद झालंय हे लक्षात ठेवा. ४जीवरून कॉल न करता येणारा फोन इथे नुसता घड्याळ बघायला.

ॲक्टिव्हावाली:

मॅनेजरचं उत्तर आलं! त्यांच्या एका निवृत्त सहकारी बाईंच्या घरामागे छोटं युनिट आहे, कामापासून चालत दहा मिनिटं. भाडं हॉर्शमपेक्षा कमी. फोटोत गालिचा फार जुना दिसतोय, पण घेतेय.

उद्यापासून कारचा क्लास, नवीन शिकवणाऱ्याकडे. बार्शीकर, मुलीचे आणि माझे थंडीचे कपडे इथूनच आणू की तिकडे घेऊ?

बार्शी_ते_निल:

आतले थर्मल आणा. जॅकेट इथे घ्या, हॉर्शमला. मी दर पंधरवड्याला पार्ट आणायला जातो, डिंबूला वाटेतच आहे. आलात की इथेच मेसेज टाका, पहिली भरणी माझ्या यूटमध्ये (पिकअपमध्ये) करून टाकू.