हॅलिबर्टन लपतो म्हणे! पेसर्सच्या पळापळीवर बोला, पण मॅच पाहून बोला

धंतोली_पॉइंट

काल सकाळी खेळून झाल्यावर पोह्याच्या ठेल्यावर पुन्हा तेच. एनबीएची २०२५ ची फायनल, ओक्लाहोमानं इंडियाना पेसर्सला सात मॅचमध्ये हरवलेली, होऊन महिना होत आला तरी आपल्यातले दोघंतिघं एकच टेप लावून बसतात, की पेसर्सचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ चालवणारा, त्या हॅलिबर्टनला बॉल नकोच असतो, मोठ्या मॅचला तो लपतो, खरा पॉइंट गार्ड म्हणजे ओक्लाहोमाचा शै (गिल्जस-अलेक्झांडर), बॉल हातात घेतला की बाकीचे चार बाजूला. तर्रीनं तोंड भाजलं होतं म्हणून तिथे गप्प बसलो, आता इथे लिहितो.

पेसर्सच्या खेळात पॉइंट गार्डचं काम बॉल ठेवणं नाहीच, तो लवकर सोडणं आहे. समोरच्यानं बास्केट मारलं की बाकीच्या टीम्स आरामात वर येतात. हे लोक नेटमधून बॉल पडला की लगेच बेसलाइनवरून आत टाकतात अन् हॅलिबर्टन हाफ लाइनच्या अलीकडूनच पुढे फेकतो, समोरचे अजून "तू याला धर, मी त्याला धरतो" करत असतात तोवर कॉर्नरमधून थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) सुटलेला असतो. शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले शेवटचे दहा सेकंद एका माणसाच्या ड्रिबलवर घालवायचे आणि चौघांनी उभं राहून बघायचं, याला किती दिवस बास्केटबॉल म्हणायचं?

आता असं खेळणाऱ्याच्या नावावर रोज ३०-३० पॉइंट दिसणार नाहीतच. २०२४-२५ मध्ये त्याचे मॅचला १८.६ पॉइंट, ९.२ असिस्ट (ज्यावर बास्केट होतं असे पास) आणि टर्नओव्हर, म्हणजे समोरच्याला गमावलेला बॉल, फक्त १.६. इतका बॉल फेकून इतकं कमी गमावणं! फायनलच्या आधीच्या सिरीजला न्यूयॉर्कविरुद्ध चौथ्या मॅचला ३२ पॉइंट, १५ असिस्ट, १२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटवर पकडलेला बॉल), टर्नओव्हर शून्य. एप्रिलमध्ये लीगमधल्याच खेळाडूंनी नावं न सांगता मत दिलं की हा उगाच डोक्यावर घेतलेला आहे, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्यानं मिलवॉकी, क्लीव्हलंड आणि फायनलच्या पहिल्याच मॅचला ओक्लाहोमा, तिघांनाही शेवटच्या क्षणी मारलं. ओक्लाहोमाविरुद्ध तर ०.३ सेकंद उरले होते. लपणारा माणूस शेवटचा शॉट घेतो का?

बर्डीचा_शूटर

लय मोठं लिहिलं भाऊ पण फायनलची पाचवी मॅच कुठं गेली बे? बरोब्बर तेवढीच गायब केली.

हॅलिबर्टनचे ६ शॉट, ० बास्केट, ४ पॉइंट, अन् ते चारही फ्री थ्रोचे. सिरीज २-२ वर आहे अन् मेन माणसाचं एकही बास्केट नाही. अन् चौथी मॅच? इंडियाना २-१ नं पुढं, घरचं कोर्ट, चौथ्या क्वार्टरलेही पुढं. तिथून शैनं शेवटल्या पाच मिनिटांत १५ पॉइंट ठोकले, एकूण ३५, अन् मॅच घेऊन गेला. त्यावेळी तुमची ती पळापळ काहून नाही चालली? मी सांगतो काहून. शेवटल्या पाच मिनिटांत सगळ्यांचे पाय जड होते, रेफ्री शिट्टी खिशात ठेवते, अन् मंग एकच पोट्टा लागते जो म्हणन की द्या इकडं. हॅलिबर्टन तं तिथंही पाहून रायला होता की कोण मोकळा आहे.

धंतोली_पॉइंट

पाचव्या मॅचला पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याची पोटरी दुखावली, हे तू पोह्याच्या ठेल्यावरही विसरतो अन् इथेही विसरतो. एका पायावर खेळलेला माणूस आहे तो.

आणि चौथ्या मॅचचं काढलंच आहे तर शैचे असिस्ट किती होते तेही सांग. शून्य. आता सातव्या मॅचचे सांग. २९ पॉइंट अन् १२ असिस्ट. कप कोणत्या दिवशी उचलला त्यानं? ज्या दिवशी बॉल सोडला त्या दिवशी!

बर्डीचा_शूटर

हाव ना, तं तुह्याच बोलण्यानं शैले दोन्ही येते. लागलं तं ३५ मारते, लागलं तं १२ वाटते. तुह्या माणसाले एकच येते. संपला विषय 😄

विदर्भ_एक्सप्रेस

विषय संपला नाही बेटा, मी आत्ताच आलो.

मी पेसर्सचा माणूस कसा झालो ते आधी सांगतो, कारण आपल्या गावात लेकर्सची जर्सी घातलेले शंभर भेटतील, पेसर्सची बहुतेक माझी एकट्याचीच. ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत पेसर्स आणि सॅक्रामेंटोच्या दोन मॅच झाल्या, वरळीच्या डोममध्ये. मी रात्रीची गाडी पकडून गेलो, घरी सांगितलं ऑफिसचं काम आहे. पहिली मॅच शाळेच्या पोरांसाठी होती, ती म्हणे ओव्हरटाइमला जाऊन १३२-१३१ झाली, ती काही नशिबात नव्हती. दुसऱ्या दिवसाची पाहिली, १३०-१०६, एकतर्फी. पण डोळ्यासमोर पाहिल्यावर टीव्हीवर न कळणारी गोष्ट कळते, ती म्हणजे बॉल हातात नसलेले चौघं किती पळतात. तेव्हा पेसर्सकडे साबोनिस होता. गंमत बघा, फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच साबोनिसला सॅक्रामेंटोला देऊन याच सॅक्रामेंटोकडून हॅलिबर्टन घेतला. मी पाहिलेल्या दोन टीम्सनीच आपसात अदलाबदल केली म्हणजे.

आता मुद्दा. हा वाद नवा नाही. फिनिक्सचा स्टीव्ह नॅश २००५ आणि २००६ लागोपाठ एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, त्याची टीमही अशीच, सात सेकंदांत शॉट मारा म्हणणारी, बघायला इतकी सुंदर की पहाटे उठायचो. पण नॅश एकदाही फायनलला पोचला नाही. तेव्हाही शूटरसारखेच लोक म्हणायचे की पळून कप मिळत नसतो. मग २०१४ ला सॅन अँटोनियोनं मायामीला ४-१ नं धुतलं, आणि त्या सिरीजमध्ये बॉल कोणाच्या हातात थांबतच नव्हता. समोर लेब्रॉन होता, लक्षात घ्या. आणि उलट बाजूनं पाहा, २०२४ ला डॅलसचा लूका डॉन्चिच, बॉल सदा त्याच्याच हातात, बॉस्टनकडून ४-१ नं हरला. म्हणून एका हातातला बॉल की पाच हातातला, यावर कप ठरतो असं मला ५० वर्षांच्या वयात तरी वाटत नाही. समोर कोण उभं आहे त्यावर ठरतो.

झिरो_माइल_०७१२

काका ऑफिसचं काम 😂😂 काकूंना हा धागा कोणीतरी पाठवा रे

हिशोबनीस

काकांच्या "समोर कोण उभं आहे" वर आकडे देतो. फायनलच्या पहिल्या मॅचला फक्त पहिल्या हाफमध्ये पेसर्सचे १९ टर्नओव्हर झाले होते. सीझनभर बॉल जपणारी टीम ही! ती जिंकली हा चमत्कारच, १११-११०, त्या ०.३ सेकंदवाल्या शॉटवर. सातव्या मॅचला टर्नओव्हरमधून आलेले पॉइंट ओक्लाहोमाचे ३२, इंडियानाचे १०. मॅच १०३-९१ ला संपली, म्हणजे १२ चं अंतर आणि टर्नओव्हरच्या पॉइंटांतच २२ चा फरक. कारण सरळ आहे, लांब पास आणि पटापट निर्णय हे ज्या टीमचं हत्यार, तिच्यासमोर पासच्या वाटेत हात घालणारे पाच जण उभे केले की तेच हत्यार उलटतं. ६८ मॅच जिंकलेली टीम होती ती, बहुतेक डिफेन्सच्याच जोरावर.

पण मला खरी मजा वेगळ्या आकड्यात वाटते. सातव्या मॅचला हॅलिबर्टन पहिल्या क्वार्टरमध्येच पडला. तोवर त्यानं तीन थ्री मारले होते, ९ पॉइंट. अकिलीस, म्हणजे टाचेमागची शीर, तुटली. आणि हाफटाइमला पेसर्स पुढे होते, ४८-४७. त्याच्याशिवाय! आता पॉइंटभाऊ, हे तुमच्या बाजूचं की विरोधातलं, तुम्हीच सांगा. सिस्टिम इतकी चांगली की माणूस गेला तरी चालते, हे खरं मानलं तर मग माणसाचं एवढं कौतुक कशाला? आणि हे खोटं मानलं तर तिसऱ्या क्वार्टरला ३४-२० का झालं ते कळतं.

धंतोली_पॉइंट

हिशोबनीस, हे टोचलं.

दोन्ही खरं आहे असं वाटतं मला. पंधरा-वीस मिनिटं सवयीवर निघतात. राखीव गार्ड मॅकॉनेल आला, नेम्बहार्डनं बॉल वर आणला, सगळ्यांना कुठे पळायचं ते पाठ आहे. मॅकॉनेलनं तिसऱ्या क्वार्टरला एकट्यानं ओढलंही, मॅचचे १६ त्याचे. पण ओक्लाहोमानं जोर लावल्यावर जो माणूस अर्धा सेकंद आधी पाहतो तोच नव्हता. सवय आणि नजर यात फरक आहे. ती सोमवारची पहाट मला आठवते, साडेपाचला मॅच, मी मोबाइल कुलरच्या वर ठेवून बघत होतो, तो पडला आणि जमिनीवर हात आपटायला लागला तेव्हा आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, कोण गेलं रे?

शिट्टी

मी शाळेच्या मुलींना शिकवते त्यामुळे माझं भांडण तुम्हा सगळ्यांशीच आहे.

हॅलिबर्टन हवेत उडी मारून मग कोणाला पास द्यायचा ते ठरवतो. आम्ही अकरा वर्षांच्या मुलीला पहिल्या आठवड्यात काय शिकवतो, तर पाय जमिनीवर असू दे, उडी मारून अडकलीस की बॉल समोरच्याला. त्याला जमतं कारण त्याला उडायच्या आधीच तीन वाटा दिसलेल्या असतात. जूनपासून माझ्या तीन पोरी उड्या मारून पास देतायत आणि बॉल थेट कोर्टबाहेर बसलेल्या पालकांच्या डब्यात. शूटरभाऊंची लाडकी पद्धतही काही कमी नाही हो. एक पोरगी बॉल घेऊन स्क्रीन (समोरचीची वाट अडवायला जोडीदार) मागते, मागे सरकते, परत मागते, तोवर बाकीच्या चौघी केस बांधत उभ्या.

आणि पळापळीचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री, सिमेंटचं कोर्ट, सकाळी आठनंतर बुटाचा तळ चिकटायला लागतो. तिथे इंडियानाचा वेग काढायला दहा जणी लागतात, माझ्याकडे येतात सात, त्यातल्या दोघींची ट्युशन. पेसर्सचं खरं भांडवल बेंच, म्हणजे राखीव खेळाडू, आहे, याबद्दल वर कोणी नीट बोललंच नाही! तिसरी मॅच ११६-१०७ जिंकले त्यात मॅथुरिननं बेंचवरून येऊन २७ मारले, मॅकॉनेलनं ५ वेळा बॉल चोरला. पॉइंट गार्ड बॉल लवकर सोडू शकतो कारण ज्याला सोडायचा तो दमलेला नसतो. हे नसेल तर तुमचा हॅलिबर्टनही बॉल धरूनच उभा राहील.

बर्डीचा_शूटर

ताई हे पटलं. म्हणजे हॅलिबर्टनचं नाही पटलं, बेंचचं पटलं.

पण एक सांगतो, मी काही पास देण्याच्या विरोधात नाही बापा. माह्या डोक्यात एकच अडकलं आहे. पॉइंट म्हणते नजर, नजर. ठीक आहे. पण समोरच्यानं सगळे पास बंद केले, चौघंही धरले, तं उरते काय? स्वतः आत घुसणं. शै तिथं फाउल काढते, रिंगखालच्या पट्ट्यात थांबून उडी मारून शॉट मारते, कोणी म्हणन बोरिंग आहे, हाव आहे, पण पॉइंट येते. हॅलिबर्टन तिथं बॉल परत बाहेर देते. दहा शॉटच्या खाली थांबलेल्या मॅच मोजा त्याच्या, अन् मंग सांगा की समोरच्या डिफेन्सले सोपं जाते का नाही. ज्याच्या शॉटची भीती नाही त्याच्या पासचीही भीती कमी होते ना बे.

हिशोबनीस

हे मात्र शूटरनं आज पहिल्यांदा बरोबर लिहिलं. न्यूयॉर्कविरुद्धच्या त्या ३२-१५ च्या मॅचला तो पहिल्या क्वार्टरपासूनच स्वतः मारत होता, म्हणूनच पुढे पास मोकळे झाले.

धंतोली_पॉइंट

मान्य. तो दहाच्या खाली थांबतो तेव्हा मीही इथून ओरडतो की मार ना बाबा. पण "मार ना" आणि "लपतो" यात फरक आहे. एक सवय आहे, दुसरा आरोप. आणि तसंही २०२५-२६ पूर्ण सीझन तो बाहेर आहे, पेसर्सचा उंच खेळाडू टर्नर मिलवॉकीला गेला, तेव्हा सवयीवर टीम किती चालते ते त्या सीझनभर दिसेलच, हिशोबनीसांनी वही तयार ठेवावी.

बाकी शूटर, गेल्या रविवारी तू माझ्याच टीमला होतास. सहा बास्केट मारले. पाच कोणाच्या पासवर?

बर्डीचा_शूटर

अन् मी नसतो तं ते पाच पास धरले असते कोणी? तुह्या त्या भाच्यानं? त्याच्या तं तोंडावर लागतात.

झिरो_माइल_०७१२

भाच्याचा चष्मा तुटला होता रे खरंच 😭

शिट्टी

रविवारी सव्वापाचला या, पाऊस नसला तर. दोघांना वेगळ्या टीमला टाकते. आणि डावीकडच्या रिंगचं नेट फाटलंय, प्रत्येकी ५० आणा, काकांनी १००, ऑफिसचं काम समजून.

विदर्भ_एक्सप्रेस

आणतो. पण मी हाफ कोर्टच खेळणार.