जंगलाच्या कडेला जमीन असली की माणूस चोरच का?

कोरडवाहू:
परवा इथं एकानं लिहिलं, "अभयारण्याला खेटून ज्याची जमीन तो दरसाल नांगराचं एक तास जंगलात सरकतो, सगळे अतिक्रमणवाले, सरळ जेसीबी घाला." गप बसणार होतो पण लोकं त्याला लाईक मारायलेत म्हणून लिहितो.

बालाघाटाच्या कडंला आमची हलकी, मुरमाड जमीन हाय. आज्याचं नाव 1954-55 च्या खासरा पत्रकात, म्हंजी जुन्या जमीन-नोंदीत हाय. अभयारण्य त्याच्यानंतर किती वर्षांनी आलं ते तुम्हीच काढा. आता गंमत बघा, वनखात्यानं मोजलं की हद्दीचा बुरूज आमच्या लिंबाच्या अलीकडं येतो, महसूलनं मोजलं की लिंबाच्या पलीकडं जातो. दोन्हीकडं दगडाचे ढिगारे, दोन्हीवर चुना. एकाचा नकाशा निजामाच्या वेळचा, दुसऱ्याचा सर्वे नंबर मोडून गट पाडले तवाचा, आन् मधल्या पट्ट्यात मी तूर पेरतो म्हणून मी चोर. नकाशे जुळवायचं काम माझं हाय का?

पळसवाडीकर:
ती पोस्ट माझीच होती आणि एक शब्द मागे घेत नाही. वडील वनखात्यात गार्ड होते. हातात काठी, बीट म्हणजे राखायचा पट्टा एवढा मोठा की एका दिवसात चालून होत नाही. कसं चालतं सांगतो. आधी कडेचा पळस वाळतो. आपोआप नाही, बुडाला वीतभर साल गोल सोललेली असते. पावसाळ्याच्या तोंडाला रात्री ट्रॅक्टर फिरतो, पहिल्या साली तुरीची एक ओळ, पुढच्या साली कापूस, मग सरपंचाचा फोन "गरीब माणूस आहे साहेब". वडिलांनी एकदा पंचनामा केला तर घरावर दगड आले, मी तेव्हा सातवीत होतो. तुमचा आजोबा खासऱ्यात असेल हो, पण बांध कोरणारा प्रत्येक जण आजोबाचंच नाव सांगतो.

कोरडवाहू:
तुमच्या घरावर दगड मारणारा मी नव्हतो दादा. त्याचा राग माझ्या तुरीवर काढू नका.

कचेरीतला माणूस:
दोघंही थांबा जरा. मराठवाड्यातलं जुनं राखीव वन हैदराबाद संस्थानच्या 1355 फसली सनाच्या जंगल कायद्याखालचं आहे, म्हणजे साधारण 1945 चा कायदा. तेव्हाची अधिसूचना आणि तिच्यातली चतुःसीमा काढा, भांडण तिथं सुटतं. आणि सातबाऱ्यावर खासगी वनाचा शेरा असेल तर वेगळंच, 2014 ला गोदरेजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की वन ठरवायची नोटीस नुसती काढून भागत नाही, मालकाला मिळालेली पाहिजे.

कोरडवाहू:
गोदरेजला वकील परवडतो ओ. आमची अधिसूचना उर्दूत हाय, वाचणारा म्हातारा गेला.

घाटावरचा भाऊ:
जमिनीचं राहू द्या, आधी रोह्यांचं, म्हणजे नीलगाईंचं बोला! आमच्या कन्नड तालुक्याकडं या एकदा, गौताळा 1986 ला अभयारण्य झालं, तेव्हापासून रोही आणि डुकरं सरकारी अन् मका आमचा. रात्री कळप बसला की सकाळी शेतात फक्त धाटं. भरपाईला तीन दिवसांत अर्ज, मग पंचनामा, मग हाती काय येतं ते बियाण्याच्या पिशवीलाही पुरत नाही. आणि अतिक्रमित वनजमिनीवर पीक असलं की भरपाई मिळतच नाही, म्हणजे ज्याची हद्द वादात त्याचं पीकही गेलं.

पळसवाडीकर:
म्हणून तारेत करंट सोडायचा का? त्यात बिबटे मरतात आणि रात्री पाणी द्यायला गेलेली माणसंही.

घाटावरचा भाऊ:
करंट मी म्हणलोच नाही! कुंपणाचं झटका मशीन म्हणजे थेट लाईनचा करंट नाही, नुसता झटका बसतो, एवढं तरी माहीत करून घ्या. शहरातून शहाणपण शिकवू नका.

पळसवाडीकर:
शहरातून नाही, पाटोद्यातून बोलतोय. आणि रोही वाढले कारण त्यांना खाणारं कुणी ठेवलं नाही. 2021 ला गौताळ्यात टिपेश्वर अभयारण्यातला वाघ आला, 2024 च्या डिसेंबरात येडशी रामलिंग अभयारण्यात आला. तुम्हीच मोबाईल घेऊन मागे पळत होता.

घाटावरचा भाऊ:
वाघाला सातबारा लागत नाही, त्याचं बरंय. येऊ द्या की वाघ, रोही खाईल. पण उद्या माझ्या वासराला धरलं तर पंचनाम्याला तुम्ही या.

तांड्यावरून:
रोही, वाघ, सगळं झालं बोलून. आम्ही किनवटकडचे बंजारा. हद्दीपल्याड तेलंगणात आमचेच सोयरे एसटी, म्हणजे अनुसूचित जमातीत, त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवला की वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करता येतो. आम्ही इकडं व्हीजे, विमुक्त जातीत, म्हणून त्याच तारखेमागं तीन पिढ्या, 75 वर्षं जंगलात राहिल्याचा पुरावा द्या म्हणतात. म्हणजे 1930. तेव्हा निजामाच्या कोणत्या कारकुनानं तांड्याची नोंद ठेवली असंल? आई डोक्यावर मोळी आणायची, तिची पावती कुठून आणू?

पळसवाडीकर:
ही अट अन्यायाची आहे, ते मान्य. पण तुमच्या नावाखाली बागायतदार घुसतात तेही मान्य करा.

तांड्यावरून:
करतो. नावं तुम्ही घ्या, तुमच्या वडिलांच्या पंचनाम्यात असतील.

कचेरीतला माणूस:
हद्दीचं एक सांगतो, संयुक्त मोजणीचा अर्ज करा, दोन्ही खाती एकाच दिवशी बांधावर.

कोरडवाहू:
केलाय साहेब. पहिल्या तारखेला मोजणीवाला आला, जंगलवाला आला नाही. पुढच्या बारीला गार्ड सकाळपासून लिंबाखाली बसून, मोजणीवाल्याचा फोन बंद. आता मुदत संपली म्हणून फी परत भरा म्हणायलेत. पळसवाडीकर, जेसीबीला पैसे द्यायला निघालाच होता ना, तेवढेच इकडं द्या.

पळसवाडीकर:
फी नाही देणार. पण तारीख कळवा, मी येतो. बुडं सोललेले पळस किती आहेत तेही मोजू.

कोरडवाहू:
या की. चहा हाय, पळस नाहीत, ते तुमच्या खात्यानं रोपवाटिकेसाठी आधीच साफ केलेत.