मदत हवी आहे: सासऱ्यांच्या दोन गोळ्यांमध्ये एकच औषध आहे का, आणि साखरपाणी देऊनही शुगर का वाढली नाही?

तासगावची सून:

नमस्कार. माझ्या सासऱ्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांविषयी जाणकारांचे मत हवे आहे. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो, घरची द्राक्षबाग आहे. अण्णांचे वय ६८ असून बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. इन्सुलिन कधी घेतलेले नाही, सगळा उपचार गोळ्यांवर चालतो. रक्तदाबासाठी ते मेटोप्रोलॉल घेतात.

गावातल्या डॉक्टरांची एक गोळी ते पूर्वीपासून सकाळी आणि रात्री घेतात. उन्हाळ्यात पायांना मुंग्या येऊ लागल्या म्हणून पुतण्याने त्यांना मिरजेला एका तज्ज्ञांकडे नेले आणि तिथून रोज सकाळी घ्यायची आणखी एक गोळी सुरू झाली. पाकिटांवरची नावे अगदी वेगळी आहेत, पण पाठीमागची बारीक अक्षरे वाचली तेव्हा मला शंका आली. गावच्या गोळीत ग्लिमेपिराइड २ मि.ग्रॅ., मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. आणि वोग्लिबोज ०.२ मि.ग्रॅ. आहे. मिरजेच्या गोळीत ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ. आणि मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. आहे.

फळछाटणी झाल्यापासून डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या फवारणीसाठी अण्णा पहाटेच बागेत जातात. जाण्याआधी चहाबरोबर दोन्ही गोळ्या घेतात आणि न्याहारी मात्र नऊ-साडेनऊला, गडी थांबले की करतात. गेल्या आठवड्यात ते ओळीत मध्येच बसून राहिले. अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि बोलणे असंबद्ध होते, पण हात थरथरत नव्हते. घरी आणून ग्लुकोमीटरवर तपासले तर ५८ आले. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, तरी पंधरा मिनिटांनी आकडा ६१ च होता. भाकरी-भाजी खाऊन बराच वेळ गेल्यावर तो शंभरापर्यंत पोहोचला.

ताज्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज) ६.४ आहे, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.५ व ईजीएफआर ५० आहे. ६.४ पाहून घरात सगळे खूश आहेत, मला मात्र धास्ती वाटते. मिरजेची वेळ अजून लांब आहे. तोपर्यंत काय करावे, साखरेने आकडा का हलला नाही आणि पहाटे बागेत जाणाऱ्या माणसाने गोळी नेमकी केव्हा घ्यावी, हे कोणी समजावून सांगेल का?

कृष्णाकाठ:

माझ्या चुलत्यांना रोज सकाळी कारल्याचा रस आणि गुडमारचे चूर्ण दिल्याने फार फरक पडला. गोळ्या आपोआप कमी झाल्या. तुम्हीही करून पाहा.

औषधवाला सांगलीचा:

ताई, तुमची शंका बरोबर आहे. दोन्ही गोळ्यांत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन हेच घटक आहेत, म्हणजे अण्णांच्या पोटात दिवसाला ग्लिमेपिराइड ५ मि.ग्रॅ. आणि मेटफॉर्मिन १५०० मि.ग्रॅ. जात आहे, आणि बहुधा हा एकूण हिशोब दोघांपैकी एकाही डॉक्टरांसमोर आलेला नाही. दुकानात हे वरचेवर पाहायला मिळते. एकाच मिश्रणाला वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी नावे असतात आणि नावापुढे जोडलेल्या एक-दोन अक्षरांना कुठलाही ठरलेला नियम नसतो, त्यामुळे नावावरून काही ओळखायला जाऊ नये. घटक वाचावेत किंवा दुकानदाराकडून पाकिटावर पेनाने लिहून घ्यावेत. जनऔषधी केंद्रातली गोळी या बाबतीत सोयीची, कारण तिथे पाकिटावर घटकाचेच नाव असते.

मिरजेच्या तारखेची वाट पाहू नका. ५८ आकडा आणि असंबद्ध बोलणे एवढे कारण पुरेसे आहे. आजच दोघांपैकी एका डॉक्टरांना फोन करा आणि दोन्ही पाकिटांचे फोटो पाठवा. कोणती गोळी थांबवायची हे त्यांनाच ठरवू द्या, पण अण्णा जेवणार नसतील तर ग्लिमेपिराइड असलेली गोळी द्यायची नाही, एवढे फोन होईपर्यंतही पाळा. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आहे की नाही याची त्याला फिकीर नसते. म्हणूनच ते दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाबरोबर किंवा त्याच्या लगेच आधी घ्यायचे असते. चहा म्हणजे जेवण नव्हे. पहाटे गोळी आणि साडेनऊला भाकरी, वर बागेतले अंगमेहनतीचे काम, यात शुगर उतरली नसती तरच नवल.

आता साखरेबद्दल. गावच्या गोळीतले वोग्लिबोज आतड्यातल्या ज्या विकरांना (एन्झाइमना) अडवते, तीच विकरे साखरेचे तुकडे करून त्यातले ग्लुकोज मोकळे करतात. ती अडलेली असताना घरातली साखर, गूळ किंवा उसाचा रस दिला तर ग्लुकोज रक्तात उशिरा पोहोचते. अशा माणसाला थेट ग्लुकोजच द्यावे लागते. औषधाच्या दुकानात साधी, स्वाद नसलेली ग्लुकोज पावडर मिळते; पाकिटावर डेक्स्ट्रोज हा शब्द बघून घ्या, कारण स्वादाच्या पावडरीत पुष्कळदा साखरच मिसळलेली असते. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यात घालून द्यावेत, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा ७० च्या खालीच असेल तर तेवढेच परत द्यावे.

तुमच्या घरी बेदाणा असेलच. द्राक्षातली गोडी मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपात असते, तिला तोडण्यासाठी त्या विकरांची गरज लागत नाही. त्यामुळे पावडर हाताशी नसताना मूठभर बेदाणे साखरेपेक्षा बरे. मात्र चावून, पचून असर यायला वेळ लागतो, म्हणून पहिला मान पावडरीचाच.

कोयनाकाठची परिचारिका:

मी कराडला रुग्णालयात अनेक वर्षे काम केले आहे, आता निवृत्त आहे. वरील सगळे योग्यच आहे, त्यात थोडी भर घालते.

हात थरथरले नाहीत याचे कारण मेटोप्रोलॉल असू शकते. बीटा-ब्लॉकर गटातली ही औषधे शुगर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकून टाकतात, घाम मात्र सुटतोच. म्हणून अण्णांच्या बाबतीत घाम, गोंधळलेले बोलणे किंवा अकारण चिडचिड दिसली की आधी ग्लुकोमीटर काढा. बागेतल्या एका तरी गड्याला हे सांगून ठेवा आणि पावडरीची पुडी अण्णांच्या खिशात असू द्या. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, पावडर काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. आणि आकडा वर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहतो, मूत्रपिंड थोडे मंद असेल तर त्याहूनही जास्त, त्यामुळे शुगर पुन्हा उतरू शकते. तेवढ्यासाठी जेवण द्यावे आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा तपासावे.

एचबीएवनसी ६.४ तरुण माणसाला शोभतो. शुगर उतरवणाऱ्या गोळीवर असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला तो दिसला तर, आकडा अधूनमधून नको तितका खाली जातो आहे का, हे विचारायला हवे. वृद्धांसाठी डॉक्टर बरेचदा थोडे सैल लक्ष्य ठेवतात.

ईजीएफआर ५० ला मेटफॉर्मिन चालते. ४५ च्या खाली गेल्यास मात्रेचा फेरविचार करतात आणि ३० च्या खाली ते बंदच करतात. त्यामुळे ही तपासणी वेळच्या वेळी झाली पाहिजे. जुलाब-उलट्या लागल्या, अन्नपाणी टिकत नसेल, तर मेटफॉर्मिन थांबवण्याबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. गुडघेदुखीसाठी अण्णा परस्पर डायक्लोफिनॅक वगैरे घेत असतील तर तेही सांगा, कारण त्याचा भार मूत्रपिंडावरच पडतो. आणखी एक, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास काहींना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होते आणि तिच्यानेही पायांना मुंग्या येतात. ज्या तक्रारीसाठी अण्णा मिरजेला गेले तिचे मूळ कदाचित इथेच असेल. बी-१२ तपासून घ्या.

कृष्णाकाठ यांना विनंती, आधीच शुगर उतरत असलेल्या माणसाला कारल्याचा रस आणि गुडमार सुचवू नका. दोन्हींमुळे शुगर आणखी खाली जाऊ शकते, आणि काय कशामुळे झाले हे मग डॉक्टरांनाही कळत नाही.

तासगावची सून:

सर्वांचे मनापासून आभार. त्याच संध्याकाळी मिरजेच्या डॉक्टरांशी बोलणे झाले आणि त्यांनी दोन दिवसांनी बोलावून घेतले. दोन्ही जुन्या गोळ्या बंद करून आता लिनाग्लिप्टिन ५ मि.ग्रॅ. सकाळी आणि मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. एसआर (औषध सावकाश सोडणारी गोळी) दोन्ही जेवणांबरोबर दिले आहे. मूत्रपिंड मंद असले तरी लिनाग्लिप्टिनची मात्रा बदलावी लागत नाही असे ते म्हणाले. बी-१२ तपासायला दिले आहे, एचबीएवनसी तीन महिन्यांनी करायचे आहे. गावच्या डॉक्टरांनाही नवी चिठ्ठी दाखवली. त्यांनी मनाला लावून न घेता आपल्या वहीत उतरवून घेतली, हे मला फार आवडले.

दोन शंका उरल्या आहेत. एसआर गोळी अण्णांना मोठी वाटते, ती अर्धी करून दिली तर चालेल का? आणि ते एकादशी सोडत नाहीत, त्या दिवशी काय करावे?

औषधवाला सांगलीचा:

एसआर गोळी चावायची वा कुटायची नाही. तिच्यातले औषध तासन्‌तास सावकाश सुटावे अशी तिची घडण असते आणि ती फोडली की ते एकदम सुटते. गिळायला जड जात असेल तर डॉक्टरांना विचारून साधी मेटफॉर्मिन लिहून घ्या. काही वेळा एसआर गोळीचे रिकामे आवरण शौचात दिसते, तेव्हा औषध लागू पडले नाही असे समजून दुसरी गोळी देऊ नये. एखादी गोळी राहून गेली तरी पुढच्या वेळी दोन देऊ नयेत.

कोयनाकाठची परिचारिका:

आता चालू असलेल्या दोन औषधांनी शुगर अचानक उतरण्याचा धोका पूर्वीपेक्षा खूपच कमी आहे, पण निर्जळी उपवास अण्णांनी करू नये. मेटफॉर्मिन फराळाबरोबर घ्यावे आणि पाणी भरपूर प्यावे. फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी असेल तर शुगर उतरण्याऐवजी चढेल, तेव्हा वरीचा भात थोडा आणि दाण्याची आमटी, ताक असे काही बघा. पहिल्या एकादशीला दुपारी आणि रात्री आकडे लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत ती चिठ्ठी डॉक्टरांना द्या.